पायथ्याचं गाव

(मे २०२०च्या अखेरीस मुंबईतल्या डोंगरभटक्यांसाठी ऑनलाइन दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, गेले दोन महिने मला एकच प्रश्न फिरूनफिरून विचारला जातोय. डोंगरावर कसला आलाय करोना? तिथे गर्दी नाही, बंद खोल्या नाहीत, वारा मोकळा आहे. चौघं एका गाडीतून जाऊ, गड बघू, रात्री घरी. यात कुणाचं काय बिघडतं?

विचारणारी मंडळी बेफिकीर नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी सह्याद्री पालथा घातलाय. त्यांची तगमग मला कळते. २३ मार्चपासून लोकल बंद आहेत. एका खोलीत पाच-सहा माणसं, त्यात कुणाचं ऑफिस, कुणाची शाळा. शनिवारी रात्री सॅक पाठीवर टाकून कसारा लोकल पकडणाऱ्याला हे कोंडलेपण किती जड जात असेल! त्यात हे दिवस काजव्यांचे. राजमाचीच्या रानात, भंडारदऱ्याच्या आसपास झाडंच्या झाडं लखलखत असतील आणि आपण इथे. हे दुःख खरं आहे, त्याला कुणी चोचले म्हणू नये. तरीही थांबायचं. पण नुसतं पोलिसांच्या धाकानं नाही, कशासाठी ते उमजून थांबायचं. म्हणून आज बोलतोय.

माथ्यावर धोका कमी, हे मला मान्य आहे. पण ट्रेक माथ्यावर सुरू होत नाही. हरिश्चंद्रगडाचंच बघा. पायथ्याच्या पाचनई गावात पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी चहा होतो, पेट्रोल भरलं जातं. गावात कुणाच्या तरी अंगणात गाडी लागते. ओसरीवर बूट चढवताना घरातली म्हातारी पाण्याचा तांब्या पुढे करते. कुणी दादा वाट दाखवायला सोबत येतात. वर देवळाजवळ झोपडीत पिठलं-भाकरी होते, ती करणाऱ्या मावशीही खालच्या गावातल्याच. ‘कुणाला न भेटता’ असा ट्रेक सह्याद्रीत होतच नाही. आणि तसा व्हावा असं आपल्याला कधी वाटलंही नाही. त्या ओसरीसाठीच तर आपण परत परत जातो.

आता या आजाराची चाल बघा. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी चौदापर्यंत. अंगात ताप नसतानाही माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे तुम्ही रविवारी ठणठणीत परत याल आणि गुरुवारी तुम्हाला कणकण वाटेल. तोवर त्या घरातला माणूस रेशनच्या रांगेत उभा राहून आलेला असेल, शेजारच्या साखरपुड्याला जाऊन आलेला असेल. गाव आपल्या गडांच्या पायथ्याशी आहे, पण दवाखान्याच्या पायथ्याशी नाही. साध्या उपचारांना राजूर किंवा अकोले गाठायचं, मोठं दुखणं असेल तर संगमनेर नाहीतर नाशिक. राज्यात रुग्णांचा आकडा ५०,००० च्या पुढे गेलाय. मुंबईसारख्या शहरात बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) मैदानावर खाटा मांडाव्या लागल्यात. मग पाचनईच्या म्हातारीला खाट कोण देणार?

पाण्याचा विचार तर आपण करतच नाही. वीस सेकंद साबणानं हात धुवा, असं दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि नळ सोडतो. त्या नळाला पाणी येतं तानसा, मोडकसागर, भातसा या धरणांतून, आणि ही धरणं उशाशी असलेल्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात. बाया हंडे घेऊन आटलेल्या विहिरीत उतरतात. जिथे पिण्याचं पाणी असं जपून वापरतात तिथे आपण आजार घेऊन जायचा आणि वर सांगायचं की हात धूत राहा! मला हे अन्यायाचं वाटतं.

मुंबईनं हे पूर्वी भोगलंय, आणि मुंबईमुळे इतरांनीही भोगलंय. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडलं. मिळेल त्या गाडीनं, बोटीनं, पायी. जीव मुठीत घेऊन पळणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण त्या वाटांनी प्लेगही बाहेर पडला. १८९७ साली साथरोगाचा कायदा आला तो यातूनच, आणि यंदा मार्चमध्ये आपल्या सरकारनं तोच कायदा लागू केलाय. १९१८च्या इन्फ्लुएन्झाचंही तसंच: जहाजांतून मुंबईत उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला. तेव्हा निघालेली माणसं जगण्यासाठी निघाली होती. आजही कसारा घाटातून मजुरांचे तांडे चालताना आपण पाहिले, डोक्यावर बोचकं, काखेत मूल. कोकणात जाणारा चाकरमानी निदान स्वतःच्या घराच्या ओढीनं जातो. त्यांच्या जाण्यामागे गरज आहे. आपल्या जाण्यामागे हौस आहे, कितीही मनापासूनची असली तरी. गरज आणि हौस एका रांगेत उभी करू नका.

बऱ्याच गावांनी रस्त्यावर दगड-काट्या टाकून वाटा अडवल्यात. त्याचे फोटो बघून आपल्यातले काही दुखावले. ‘इतकी वर्षं जातोय, आता आम्हीच परके?’ मला त्या काट्यांमध्ये शहाणपण दिसतं. गावानं स्वतःची राखण स्वतः केलीय. आडवाटेनं त्या काट्या चुकवून गड गाठणं म्हणजे ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच कुंपणावरून उडी मारणं आहे.

दुसरी गोष्ट अपघाताची. जून लागला की शेवाळलेल्या कातळावरून कुणीतरी घसरतंच. मग फोन कुणाला जातो? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र मंडळींना, खोपोलीच्या यशवंती हायकर्सना, किंवा त्या त्या भागातल्या रेस्क्यूच्या पोरांना. ही सगळी स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून, एक पैसा न घेता धावणारी माणसं आहेत. स्ट्रेचर खाली आणायचं म्हणजे एका वेळी सहा-आठ जणांनी खांद्याला खांदा लावून चालायचं, दमले की दुसऱ्या सहा-आठांनी धरायचं. तिथे सहा फुटांचं अंतर कसं पाळणार? पुढे रुग्णवाहिका, पुढे अपघात विभाग, तिथले डॉक्टर आधीच साथीनं पिचलेले. आपल्या पायाचं एक हाड किती माणसांना एकमेकांच्या श्वासात आणून उभं करेल, याचा हिशेब घरी बसूनच करायचा असतो.

माघार घेणं आपल्याला नवं नाही. धुकं दाटलं, ओढा फुगला, की माथा समोर असतानाही लीडर ‘मागे फिरा’ म्हणतो, आणि चांगल्या संघात त्यावर कुणी वाद घालत नाही. यंदा मार्चच्या मध्यावर नेपाळनं एव्हरेस्टचे परवाने थांबवले. वर्षानुवर्षं पैसे साठवून तयारी करणारे घरी बसले. त्यांच्याहून मोठा फटका बसला तो शेर्पांना. त्यांची वर्षाची कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत होते.

आणि म्हणूनच नुसतं घरी बसलो की आपलं कर्तव्य संपलं, असं मला म्हणता येत नाही. आपल्याकडचे शेर्पा कोण? काजव्यांच्या हंगामात तंबू आणि जेवण देणारी घरं. वाटाडे. करवंदं-जांभळांच्या पाट्या घेऊन लोकलनं शहरात येणाऱ्या बाया. लोकलच नाही तर त्या पाट्यांचं काय झालं असेल? आपण ट्रेक पुढे ढकलला, पण त्यांना पोट पुढे ढकलता येत नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे की यंदा रद्द केलेल्या प्रत्येक मुक्कामाचे पैसे त्या घराला आगाऊ पाठवा. पुढच्या हंगामाचं बुकिंग समजा. मदत म्हणून टेम्पो भरून स्वतः धडकू नका; तेही जाणंच आहे. आधी फोनवर विचारा, काय हवंय. तांदूळ आहे पण तेल संपलंय, बीपीच्या गोळ्या मिळत नाहीत, असं काहीतरी नेमकं कळेल. मग तालुक्याच्या दुकानदाराला पैसे पाठवा, तो गावच्या गाडीनं पोचवेल.

घरात काय करायचं, यावर फार बोलत नाही, तुम्ही सगळे जाणते आहात. दोर, हार्नेस बाहेर काढून तपासा; जुना नायलॉन न वापरताही कमजोर होतो. प्रथमोपचार शिकायचे राहिलेत ते शिका. गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारे जुने सरकारी ग्रंथ वाचा, कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) आणि ठाण्याचे खंड सरकारी संकेतस्थळावर आहेत. जिने चढा, पण मुखपट्टी लावून, आणि उतरताना गुडघे सांभाळा. खिडकीबाहेर तांबट आणि दयाळ पक्षी आहेत. ताम्हण फुललाय.

परत कधी जायचं? बंदी उठेल त्या दिवशी नव्हे. सरकारची परवानगी वेगळी आणि गावाची वेगळी. आधी गावाला विचारायचं, त्यांनी ‘या’ म्हटलं तरच जायचं, आणि गेलो तरी सुरुवातीला चार-पाच जणांनीच. पन्नास जणांच्या बसचे ट्रेक या वर्षी कुणी जाहीर करू नयेत, अशी संस्था चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

आता ते फोन कुणी करायचे, एवढं आजच ठरवू. पेठ, उधेवाडी, पाचनई, रतनवाडी, साम्रद ही गावं मी लिहून घेतलीत. ज्याची जिथे घसट आहे त्यानं तिथलं नाव घ्यावं. नाणेघाटाखालच्या वैशाखऱ्यात कुणाची ओळख आहे का?