आधी फीड, मग आरपीएम

मंडळी, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शेडमध्ये पार्टीने (गिऱ्हाइकाने) सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, कमी करायला सांगितला की मशीन लावून देणाऱ्या सेटरचा हात पहिला जातो तो स्पिंडल स्पीडकडे, म्हणजे जॉब फिरण्याच्या वेगाकडे. तो आधी डेप्थकडे (एका कटात किती खोल जायचं), मग फीडकडे (जॉबच्या एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकतं) आणि सगळ्यात शेवटी स्पीडकडे जायला हवा. का, ते हिशेबाने दाखवतो.

सीएनसी लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या कॉम्प्युटरी मशीनवर, ५० मिलिमीटर व्यासाचा इएन-८ स्टीलचा बार धरा. कार्बाइड इन्सर्टसाठी (टूलवर बसवायची, बदलता येणारी कापणारी टिकली) कटिंग स्पीड, म्हणजे धारेसमोरून धातू सरकण्याचा वेग, मिनिटाला १८० मीटर घेऊ. त्याला हजाराने गुणा, मग पाय (३.१४) गुणिले व्यासाने भागा. आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, येतो ११४६. फीड फेऱ्याला ०.१५ मिलिमीटर असेल तर १०० मिलिमीटरच्या कटला ३५ सेकंद लागतात, ०.२५ केला तर २१. आरपीएम आहे तिथेच, आणि १४ सेकंद वाचले.

एवढीच बचत स्पीडमधून काढायची तर १८० चे ३०० मीटर करावे लागतील. फ्रेडरिक टेलर यांनी अमेरिकेत पंचवीसहून अधिक वर्षं प्रयोग करून १९०६ मध्ये टूल लाइफचं, म्हणजे कोणत्या स्पीडला टूल किती वेळ टिकेल याचं, समीकरण मांडलं. त्यातला घातांक कार्बाइडला साधारण ०.२५ धरतात. त्या हिशेबाने स्पीड २० टक्के वाढवला तरी इन्सर्टचं आयुष्य निम्म्यावर येतं; ३०० मीटरला ते आठव्या हिश्श्यावर येईल. फीड वाढवल्यानेही आयुष्य घटतं, पण इतकं नाही. स्पीडने धारेवरचं तापमान चढतं, आणि कार्बाइडला खाणारी मुख्य गोष्ट तीच.

मग फिनिशचं काय? सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टच्या कोडमधले शेवटचे ०८ म्हणजे ०.८ मिलिमीटर नोज रेडियस, टोकाची गोलाई. फीडचा वर्ग भागिले आठ पट रेडियस, ही टूलने जॉबवर उठवलेल्या रेघांची उंची. ०.२५ ला जवळजवळ १० मायक्रॉन, ०.१५ ला साडेतीन. म्हणून रफिंग (पहिलं जाडंभरडं कापणं) दणकून करा आणि फिनिशिंगचा कट वेगळा ठेवा.

आता ती ओव्हरराइडची नॉब, प्रोग्राममधला फीड चालू कटात कमी-जास्त करणारी. आवाज आला की ऑपरेटर फीड ६० टक्क्यांवर आणतो. हेतू चांगला असतो, पण इन्सर्टची धार ब्लेडसारखी नसते, ती मुद्दाम किंचित गोलसर केलेली असते. चिप (कापून निघणारा कीस) त्या गोलाईपेक्षा पातळ झाली की टूल कापत नाही, घासतं. ३०४ स्टेनलेसवर तर घासलेला थर कडक होतो आणि पुढचा कट त्याच थरात जातो. चिपचे तुकडे पाडणारा इन्सर्टवरचा चिपब्रेकरही त्याच्या फीडच्या रेंजच्या खाली काम करत नाही. लांब चिप निघते आणि जॉब धरणाऱ्या चकला गुंडाळते. चॅटर (टूलची थरथर) असेल तर आधी टूलचा ओव्हरहँग, म्हणजे होल्डरबाहेर आलेली लांबी, कमी करा, मग स्पीड उतरवा.

फेसिंगबद्दल (बारचं तोंड सपाट कापणं) एकच सांगतो, कारण यात जिवाला धोका आहे. कटिंग स्पीड कायम ठेवणारा जी-९६ कोड लावला की टूल केंद्राकडे जाताना आरपीएम चढत जातो. आपलेच १८० मीटर १० मिलिमीटर व्यासाला ५७०० च्या वर जातात आणि चकची पकड ढिली पडत जाते. फॅनुक कंट्रोलच्या लेथवर बहुतेक ठिकाणी जी-५० या कोडने आरपीएमला मर्यादा घालतात. ती चकवर छापलेला कमाल आरपीएम बघून घाला, नुसता मशीनचा कॅटलॉग बघून नको.