सिसिलिया पेन: प्रबंधापासून प्राध्यापकपदापर्यंत

नमस्कार श्रोतेहो. सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे, हे आज शाळेतलं मूलही सांगतं. ज्या बाईंच्या आकडेमोडीतून हे पहिल्यांदा समोर आलं, त्या सिसिलिया पेन यांना प्राध्यापक व्हायला त्यानंतर ३१ वर्षं लागली.

पेन मूळच्या इंग्लंडच्या. केंब्रिजला शिकल्या, पण तिथे तेव्हा मुलींना वर्गात बसू देत, पदवी मात्र देत नसत. पुढे संशोधनाची वाटही दिसेना, म्हणून १९२३ साली त्या अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत गेल्या. तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फाकवून घेतलेल्या छायाचित्रांच्या, काचेच्या प्लेटांचा प्रचंड साठा होता.

वर्णपटात प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक काळ्या रेघा उमटवतं, आणि सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या, लोखंडाच्या रेघा ठसठशीत दिसतात. त्यामुळे सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असणार, असं बहुतेक जण धरून चालले होते. पेन यांनी आपल्या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं, तापमानानुसार अणूंची अवस्था कशी बदलते ते सांगणारं समीकरण हाती घेतलं. रेघ किती ठळक उमटेल हे नुसत्या प्रमाणावर नाही, तापमानावरही ठरतं. सूर्याच्या पृष्ठभागावर असतं जेमतेम ६,००० अंश तापमान. एवढ्या उष्णतेत, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात रेघ उमटवू शकेल असा हायड्रोजनचा अणू कोट्यवधींत एखादाच. तरीही त्याच्या रेघा स्पष्ट दिसतात! मग एकूण हायड्रोजन असेल तरी किती?

उत्तर त्यांच्या १९२५ च्या प्रबंधात आहे: बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. पण हेन्री नॉरिस रसेल या मातब्बर खगोलशास्त्रज्ञांना ते अशक्य वाटलं, आणि हे प्रमाण बहुधा खरं नसावं, असं पेन यांना स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले. त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला, हे खरं. पण पंचविशीतल्या संशोधिकेला तो आधार चार वर्षं आधी हवा होता.

मला त्याहून सलतो तो पुढचा काळ. त्या शिकवत होत्या, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत होत्या, पती सर्गेई गापोश्किन यांच्यासह रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांचा अभ्यास करत होत्या. पगार मात्र उपकरणांच्या खर्चातून निघे, आणि त्यांचे अभ्यासक्रम १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या सूचीत छापले जात नसत. म्हणजे वर्ग भरलेला, शिकवणाऱ्या बाई समोर उभ्या, आणि कागदावर काहीच नाही.

अखेर १९५६ साली हार्वर्डने त्यांना प्राध्यापक केलं. त्याच वर्षी खगोलशास्त्र विभागाची सूत्रंही त्यांच्याकडे आली.