वाहिनी भरलेली ठेवणारी माणसे

बडोद्याला पाणी मुख्यतः दोन दिशांनी येते. पूर्वेकडून आजव्याच्या सयाजी सरोवराचे येते आणि उत्तरेकडून मही नदीचे. महीच्या काठाने फाजलपूर, रायका, दोडका आणि पोइचा येथे ज्या मोठ्या विहिरी आहेत, त्यांना शहरात सगळे फ्रेंच वेल म्हणतात. विहिरीच्या तळाजवळून नदीच्या वाळूत आडव्या, छिद्रे असलेल्या नळ्या चहूकडे पसरलेल्या असतात. त्यांतून झिरपत आलेले पाणी विहिरीत जमते आणि पंपांच्या जोरावर शहराकडे निघते. गाळण्याचे बरेचसे काम वाळूनेच केलेले असते. आजव्याचे सरोवर महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी बांधवून घेतले आणि 1892 पासून त्याचे पाणी बडोद्याला मिळू लागले. सरोवर शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्रातून हे पाणी आजही मुख्यतः उतारानेच गावाकडे येते.

धरणे, विहिरी आणि केंद्रे पाहायला लोक येतात, त्यांची छायाचित्रे निघतात. केंद्रातून निघालेले शुद्ध पाणी रावपुऱ्यातल्या किंवा मांडवीजवळच्या एखाद्या पोळातल्या, म्हणजे दाटीच्या अरुंद गल्लीतल्या, शेवटच्या तोटीपर्यंत शुद्धच पोहोचावे, यासाठी रोज राबणारी माणसे मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडतात. हा लघुपट त्यांच्या कामाविषयी आहे.

[दृश्य: पहाटेचा दांडिया बाजार. रस्त्यातले लोखंडी झाकण उघडले जाते.]

झाकणाखाली विटांची चौकोनी खोली आहे आणि तिच्या तळाशी स्लुइस व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची झडप. व्हॉल्व्हमन लांब दांड्याची टी-चावी खाली सोडतो, ती स्पिंडलच्या, म्हणजे झडप फिरवणाऱ्या दांड्याच्या, चौकोनी डोक्यावर बसवतो आणि फिरवू लागतो. पहिले काही फेरे तो अगदी सावकाश देतो, मध्येच थांबतो, वाहिनीचा आवाज ऐकतो आणि मग पुढचे फेरे देतो. बघणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटेल, पण या सावकाशीला भक्कम कारण आहे. रिकाम्या वाहिनीत हवा असते; पाणी एकदम सोडले तर ती हवा कोंडते आणि वाहिनीच्या उंच भागांवर बसवलेल्या एअर व्हॉल्व्हमधून बाहेर पडायला तिला पुरेसा वेळ मिळत नाही. बंद करतानाची घाई तर त्याहून धोक्याची. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी वाहिनीत अचानक अडवले, तर वाढणारा दाब सुमारे 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असू शकतो. पाण्याच्या या धक्क्याने जुने सांधे निखळतात आणि कुठे तरी लांबच्या गल्लीत रस्ता ओला होतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हला किती फेरे लागतात, कोणता उलटा फिरतो आणि कोणता शेवटच्या दोन फेऱ्यांत अडकतो, हे त्या भागातल्या माणसाला तोंडपाठ असते.

शहराच्या प्रत्येक भागात ठरलेल्या वेळीच पाणी सोडले जाते. देशातल्या बहुतेक शहरांची हीच पद्धत आहे, आणि तंत्रज्ञाच्या दृष्टीने सगळ्या अडचणींचे मूळ याच पद्धतीत आहे. वाहिनी पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असते तेव्हा तिला बारीकशी चीर असली तरी पाणी आतून बाहेर जाते; नुकसान होते, पण घाण आत शिरत नाही. पुरवठा बंद झाला की वाहिनी उताराकडे रिकामी होऊ लागते, तिच्या वरच्या भागात पोकळी तयार होते आणि त्याच चिरेतून बाहेरची ओल आत ओढली जाते. चिरेच्या शेजारी गटाराची गळकी वाहिनी असेल, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. पाण्याची वाहिनी आणि गटार यांत आडवे 3 मीटर अंतर असावे, ते शक्य नसेल तर पाण्याची वाहिनी गटाराच्या किमान अर्धा मीटर वर असावी, असा अभियांत्रिकीचा नियम आहे. परंतु ज्या पोळात दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावे लागते, तिथे 3 मीटर कुठून आणायचे? अशा ठिकाणी नियमाची उणीव माणसाच्या जागरूकतेनेच भरून काढावी लागते आणि हे काम रोजच्या रोज करावे लागते.

त्यात घराघरांतल्या मोटारींची भर पडते. नळाच्या जोडणीवर थेट मोटर लावली की ती वाहिनीतले पाणी खेचते, शेजाऱ्याचा दाब उतरतो आणि चिरांतून बाहेरचे पाणी आत येण्याचा धोका चालू पुरवठ्यातही निर्माण होतो.

“भाऊ, आज पुन्हा दाब नाही हो. वरच्या मजल्यावर थेंब चढत नाही,” पोळातल्या एक वहिनी गॅलरीतून सांगतात.

“वहिनी, आधी शेजारची मोटर बंद करायला सांगा, मग पाच मिनिटांनी बघा. तेव्हाही नाही आले तर मी इथेच आहे.”

हे सांगताना व्हॉल्व्हमनचा आवाज चढत नाही. दिवसभर अशी उत्तरे द्यावी लागतात आणि त्यांतली पुष्कळशी अशा गोष्टींबद्दल असतात, ज्या त्याच्या हातात नाहीत.

[दृश्य: व्हॉल्व्हवर टेकवलेली लोखंडी सळई, दुसरे टोक कानाशी.]

गळती शोधण्याची यंत्रे आता मिळतात, तरी साधी सळई अजून कामात आहे. सळईचे एक टोक व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर आणि दुसरे कानाजवळ धरले की जमिनीखाली फटीतून निसटणाऱ्या पाण्याची अखंड, बारीक सरसर ऐकू येते. नळातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज कमीजास्त होतो, गळतीचा होत नाही. चोवीस तास पुरवठा असलेल्या गावात हे ऐकण्याचे काम मध्यरात्रीच्या शांततेत करता येते. इथे रात्री बऱ्याच वाहिन्या रिकाम्या असतात, त्यामुळे पुरवठ्याच्या त्या थोड्या वेळातच, रिक्षा आणि दुचाक्यांच्या गोंगाटात, कान लावून उभे राहावे लागते. हे कौशल्य किती अवघड आहे, हे आम्हाला सळई स्वतः कानाशी धरल्यावरच कळले.

जुन्या भागात बिडाच्या वाहिन्या आहेत. त्यांचे जुने सांधे ताग आणि शिसे यांचे असत. एका नळाचे टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचे, मधल्या फटीत तागाची दोरी ठोकून भरायची, वितळलेले शिसे ओतायचे आणि थंड झाल्यावर छिन्नीने गोलाकार ठोकत घट्ट करायचे. काळ्या मातीच्या भागात उन्हाळ्यात जमीन आकसते, पावसाळ्यात फुगते, वरून अवजड वाहने जातात आणि हे सांधे हळूहळू ढिले होतात. नव्या वाहिन्यांत रबरी कडी वापरतात, ती थोडी हालचाल सहन करते.

दुरुस्ती झाली म्हणजे काम संपत नाही. खड्ड्यातले गढूळ पाणी वाहिनीत गेलेले असते, म्हणून सखल भागातला वॉशआउट व्हॉल्व्ह उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे लागते. हजारो लिटर पाणी गटारात जाताना पाहून रहिवासी चिडतात आणि त्यांची चीड समजण्यासारखी आहे. पण ते पाणी वाचवायचे म्हणून घरोघरी सोडले, तर त्याची किंमत लहान मुलांना जुलाबाने मोजावी लागेल. त्यानंतर शेवटच्या घरातल्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात क्लोरीन तपासण्याच्या द्रावणाचे काही थेंब टाकले जातात. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग जितका गडद, तितके क्लोरीन अधिक. ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. केंद्रात कितीही घातले असले, तरी शेवटच्या नळावर रंग उमटला नाही, तर ते वाटेत कशाशी तरी झुंजून संपले, असाच अर्थ होतो आणि मग वाट उलटी शोधत जावे लागते.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने धोक्याची 26 फुटांची खूण ओलांडली आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेले. अशा पुरात वाहिन्यांवरच्या खोल्या बुडतात. बुडालेल्या एअर व्हॉल्व्हमधून एरवी हवा आत येते, तिथे पुराचे पाणी येऊ शकते. म्हणून पूर ओसरल्यावर घाईने पुरवठा सुरू करणे आणि वाहिन्या धुऊन, नमुने तपासून मगच सुरू करणे, यांत निर्णय करावा लागतो आणि तहानलेल्या लोकांसमोर उभे राहून तो करणे सोपे नसते.

यंत्रणेची एक मोठी उणीव आम्हाला सगळीकडे दिसली. कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला आहे, कोणत्या पोळात जुनी वाहिनी बंद न करताच नवी टाकली आहे, कोणती जोडणी भलत्याच टाकीला लागलेली आहे, ही माहिती नकाशांपेक्षा निवृत्तीला आलेल्या माणसांजवळ अधिक आहे. त्यांच्याबरोबर एक तरुण सहायक वर्षभर फिरला आणि प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, फेरे आणि दिशा नकाशावर नोंदवत गेला, तर हे काम होण्यासारखे आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. त्या सहायकाचा पगार, एक वही आणि त्या ज्येष्ठाला निवृत्तीपूर्वी दिलेला सन्मानाचा वेळ एवढेच लागते.