एकच पूर, किती तऱ्हांनी सांगावा!

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै उजाडला आणि धरणक्षेत्रात पाऊस लागून राहिला की कोल्हापुरात एकच चौकशी सुरू होते, 'राजाराम बंधाऱ्याला किती?' त्या बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेलं म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. रेडिओवर तो आकडा ऐकून कुणी जनावरं हलवतं, कुणी दुकानातला माल माळ्यावर चढवतं, कुणी पाहुण्यांना फोन करून 'इकडं येऊ नका' म्हणून सांगतं. भाषेनं केलेलं हे फार मोलाचं काम आहे. पण ते साहित्य नव्हे. पाणी ओसरलं की कालचा आकडा शिळा झाला, त्याचं काम संपलं.

आता हे ऐका.

पाणी आलं गं शिवेला,
वाट मोडली गावाला,
निरोप धाडा भावाला,
नको येऊ न्याया.

ही ओवी मी आजच्या भाषणासाठी जुन्या ओव्यांच्या चालीवर जुळवली आहे. बातमी हिच्यातही तीच आहे. पूर आला, रस्ता बंद झाला. आकडा मात्र नाही. त्याच्या जागी पंचमीच्या तोंडावर भावाच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली एक सासुरवाशीण आहे, आणि भावाला 'येऊ नको' असं तीच कळवते आहे. 'मला माहेराची ओढ लागली' असं ती कुठंच म्हणालेली नाही. ते आपलं आपण ऐकलं. न बोललेलं ऐकणाऱ्याच्या मनात उमटावं अशा बेतानं शब्द ठेवले की तिथं साहित्याला सुरुवात होते, अशी माझी आपली साधी समजूत. याहून भारदस्त व्याख्या पुष्कळ आहेत. संस्कृत पंडित विश्वनाथानं 'साहित्यदर्पणा'त रसात्मक वाक्याला काव्य म्हटलं. तेवढी एक ओळ पाठ केली की परीक्षेत गुण मिळतात. मी मास्तर होतो, मी ते दिलेही आहेत. पण व्याख्या पाठ असलेल्या किती पोरांना ओवी ऐकून गलबलून आलं, हे मोजायची सोय आमच्याकडं नव्हती.

साहित्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुस्तक येतं, कपाट येतं. तो समज जरा बाजूला ठेवा. जात्याच्या एकाच खुंट्याला हात घालून दोघी समोरासमोर बसायच्या, एक ओवी धरायची, दुसरी ती उचलायची. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. बोलून थांबायला, दम घ्यायला, पुढचं सुचायला तेवढी जागा पुरते. त्यातल्या कित्येक जणींना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्यांत सासर-माहेर आहे तसा पाऊस, विठोबा, महागाई आणि बाबासाहेबही आहेत. एवढं मोठं काव्य पिठाबरोबर रोज पहाटे तयार होत होतं आणि साहित्याच्या इतिहासात त्याला जेमतेम एक परिच्छेद मिळत होता.

आता साहित्याच्या प्रकारांकडं वळू. गाईडमध्ये याची यादी असते. पद्य, गद्य, मग त्यांचे पोटप्रकार, प्रत्येकाची पाच वैशिष्ट्यं. ती यादी मी आज वाचून दाखवणार नाही. आपण त्या पुरापाशीच थांबू आणि एकेका प्रकाराला विचारू, की बाबा, तू यातलं काय उचलशील?

कथा काय उचलेल? शिरोळ तालुक्यातलं एखादं गाव घ्या. बोट दाराशी लागली आहे. म्हातारी गोठ्यात कमरेइतक्या पाण्यात उभी. म्हशीचं दावं भिजून आवळलंय आणि गाठ काही केल्या सुटत नाही. बोटीतला जवान ओरडतोय, 'आजी, चला, जनावर घेता येत नाही.' म्हातारीला म्हैस बोटीत घालायचीच नाही, तिला फक्त ती मोकळी करायची आहे. पोहून कुठं लागली तर लागली. शेजाऱ्याची दोन पोरं बोटीत रडतायत. पाणी चढतंय. गाठ सुटत नाही. झालं, कथेला एवढं पुरे. धरणातून किती विसर्ग सुटला, जिल्ह्यात किती गावं बाधित झाली, हे कथेनं सांगायला घेतलं की ती गाठ आपल्या हातातून गेलीच. आपल्या पट्टण कोडोलीचे शंकर पाटील या कलेत किती तयार होते ते जुन्या श्रोत्यांना सांगायला नको. द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील हे तिघे व्यासपीठावर बसून कथा सांगायचे आणि माणसं तिकीट काढून ऐकायला यायची. ऐकून कळते आणि पुन्हा वाचली की वेगळीच कळते, अशी ती कथा.

कादंबरीला मात्र त्या गाठीवर भागत नाही. तिला विचारायचं असतं, की ही म्हातारी नदीकाठच्या मळीच्या रानात राहायला आलीच का? उसानं कुणाचं भलं केलं? थोरला भाऊ वर माळावर घर बांधून मोकळा झाला आणि धाकटा खालीच का राहिला? कादंबरीला काळ लागतो, पिढ्या लागतात. या प्रांतात आपला जिल्हा श्रीमंत. कोवाडचे रणजित देसाई, आजऱ्याचे शिवाजी सावंत. 'स्वामी' १९६२ साली आली, 'मृत्युंजय' १९६७ साली, आणि मराठी वाचक त्या दोन कादंबऱ्यांवर अक्षरशः तुटून पडला. माझं मत विचाराल तर त्या भरात आपल्या आजूबाजूच्या जगण्यावरच्या कादंबरीकडं आपलं जरा दुर्लक्षच झालं. अलीकडं ते फिटतंय. धरणामुळं उठलेल्या माणसांची कादंबरी लिहिणारे कृष्णात खोत आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नाटकाची अडचण वेगळी. त्याला पूर दाखवता येत नाही. रंगमंचावर पाणी कुठून आणणार? पण त्याला एक खोली द्या. पूरग्रस्तांना हलवलेली शाळा, इयत्ता चौथीचा वर्ग. बांधावरून वीस वर्षं कोर्टात भांडणारे दोन चुलतभाऊ आणि त्यांच्या बायका त्या एकाच वर्गात येऊन पडल्यात. बाहेर पाऊस, रस्ते बंद, कुणालाच निघून जाता येत नाही. पहिल्या रात्री मध्ये बाकांची भिंत. दुसऱ्या दिवशी एका घरचं पोर तापानं फणफणतं आणि औषध दुसऱ्या घरच्या पिशवीत असतं. आता लेखकानं बाजूला व्हावं आणि माणसांना बोलू द्यावं. नाटकात लेखकाला स्वतःच्या तोंडानं काहीच सांगता येत नाही, हीच त्याची अडचण आणि हीच त्याची ताकद. शिवाय नाटकाला नट लागतात, प्रेक्षक लागतात आणि डोक्यावर छप्पर लागतं. १९१५ साली उभं राहिलेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडलं, तेव्हा कोल्हापूर का हळहळलं ते यावरून ध्यानात येईल.

हेच कथानक वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, घातलं तर पंचनाम्याला आलेला तलाठी आणि 'माझं घर वाहून गेलं, पण पंचनाम्यात ते उभंच हाय की वो!' म्हणणारा सोंगाड्या समोरासमोर येतील आणि आपण हसून हसून बेजार होऊ. हसता हसता व्यवस्थेची सालटी निघालेली असतील ती वेगळीच. पोवाडा बोटी घेऊन पाण्यात उतरलेल्या पोरांचा होईल. कोल्हापूर ही शाहीर पिराजीराव सरनाईकांची भूमी आहे, त्यामुळं पोवाड्याबद्दल इथं जपूनच बोललेलं बरं. तरी एक बारीक गोष्ट सांगतो. शाहीर कडव्याच्या शेवटाला येतो तेव्हा मागं उभे राहून साथ करणारे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत सूर उचलून धरतात. शाहिराला तेवढ्यात श्वास मिळतो, आणि ऐकणाऱ्याला आत्ता सांगितलेलं मनात बसवायला सवड मिळते. छापील पोवाडा वाचताना हा झीलच नेमका गळतो. मग आपण म्हणतो, पोवाड्यात एवढं काय असतं!

ललित लेख, प्रवासवर्णन, चरित्र यांच्याबद्दल आज फार बोलत नाही. पण आत्मचरित्राबद्दल बोलायला हवं. पुराची कथा लिहिताना म्हातारी मी कल्पनेनं उभी केली, ते चालून जातं. आत्मचरित्रात तसं चालत नाही. 'हे माझ्यावर गुदरलं' अशी तिथं लेखकाची सही असते. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि गावाबाहेरच्या वस्तीतलं जगणं गावातल्या माजघरात वाचलं गेलं. कागलचे आनंद यादव यांच्या 'झोंबी'त शाळा शिकण्यासाठी बापाशी झगडणारा पोरगा आहे. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्याच मातीत पुढं कित्येक वर्षांनीही एकेका पोराला शाळेसाठी किती मार खावा लागत होता, हे सरकारी कागदात सापडणार नाही. त्यासाठी तो पोरगाच लिहिता व्हावा लागतो.

मग प्रश्न येतो, या सगळ्याचा उपयोग काय? हा प्रश्न मोबाईल आल्यावरचा नाही, हजार वर्षांचा जुना आहे. संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त काव्याची सहा प्रयोजनं सांगितली आहेत. कीर्ती, पैसा, व्यवहाराचं ज्ञान, अमंगळाचं निवारण, तत्काळ मिळणारा श्रेष्ठ आनंद आणि प्रिय पत्नीनं गोडीगुलाबीनं सांगावा तसा उपदेश. पैशाचं आमच्या मराठी लेखकाला विचारू नये. बाकी पाचांत मम्मट स्वतःच निवड करून ठेवतो. रसास्वाद घेताना दुसऱ्या कशाचंच भान उरत नाही, तो आनंद सगळ्या प्रयोजनांचा मुकुटमणी, असं तो म्हणतो. उपदेशाला नव्हे, आनंदाला त्यानं वरचं पान वाढलं आहे. हे आपण विसरतो आणि शाळेत प्रत्येक कवितेखाली 'या कवितेतून काय बोध मिळतो?' म्हणून विचारत सुटतो.

या प्रश्नावरचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं भांडण आपल्याच गावच्या दोन माणसांच्या नावानं ओळखलं जातं. एकीकडं ना. सी. फडके, राजाराम कॉलेजातले प्राध्यापक. त्यांचं म्हणणं, कला कलेसाठी. दुसरीकडं शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली कोल्हापुरात आलेले वि. स. खांडेकर. त्यांचं म्हणणं, कला जीवनासाठी. एकाच शहरात राहून दोघांनी हे दोन झेंडे धरले आणि उभा महाराष्ट्र दोन बाजूंनी हिरिरीनं वाद घालत राहिला. पुढं 'ययाती'साठी खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीला मिळालेला तो पहिलाच. म्हणून फडके हरले असं मात्र नव्हे. रंजन करता करता वाचकाला पानाशी खिळवून कसं ठेवायचं, हे फडक्यांनी मराठी कादंबरीला शिकवलं. आणि पानाशी खिळलेला वाचकच नसेल तर जीवनासाठीची कला जाणार कुणाकडं?

मला स्वतःला त्या वादातली 'कशासाठी' ही घाईच पटत नाही. साहित्य वाचून माणूस सज्जन होतो, असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. भरपूर वाचलेली आणि तरीही घरच्यांशी वाकडं वागणारी माणसं मी पाहिली आहेत. एवढं मात्र खरं, की आपल्याला एकच जन्म, एकच जात, एकच गाव मिळतं आणि त्या कुंपणापलीकडचं आतून कळायला फार थोडे मार्ग आहेत. म्हातारीची गाठ सुटत नाही हे वाचताना ज्याच्या बोटांना घाम फुटला, त्याच्या दारात म्हैस असायलाच हवी असं नाही.

'सगळं मोबाईलवर मिळतं की, मग वाचायचं कशाला?' असं विचारणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो, की मोबाईलवर वाचलं तरी माझी हरकत नाही. कागदाचा हट्ट मी सोडला आहे. हट्ट आहे तो सलग वाचण्याचा. वीस मिनिटं एका जागी बसून एक कथा संपवायची, मध्ये दुसरं काही उघडायचं नाही.

सुरुवात कुठून करावी, असं आता तुम्ही विचाराल. कोल्हापूरकरांनी त्यासाठी लांब जायचं कारण नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्यात आहे आणि खेड्यापाड्यांतही ग्रामपंचायतीशेजारी एखादं वाचनालय असतंच. कादंबरीचा ठोकळा पहिल्याच दिवशी उचलू नका. शंकर पाटलांचा एखादा कथासंग्रह घ्या आणि रात्री जेवणं झाल्यावर घरात एकानं मोठ्यानं वाचा. बाकीच्यांनी ऐका. संवाद आपल्याच बोलीतले आहेत, त्यामुळं वाचणाऱ्याला आवाज आपोआप सापडतो. आणि पुस्तक नाहीच रुचलं, तर अपराधी वाटून घेऊ नका. परत करा आणि त्याच फळीवरचं शेजारचं घेऊन या.

नमस्कार.