वाचलंस खरं, कळलं काय?

नमस्कार श्रोतेहो. आधी एक वाक्य ऐका. ‘झिंगऱ्यानं टपकुली मुरडली आणि भुसकांडाला लावली.’ आता सांगा, झिंगऱ्यानं काय मुरडली? टपकुली. कशाला लावली? भुसकांडाला. दोन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी मार्क. आणि आपल्याला कळलं काय? शून्य. कारण वाक्याला अर्थच नाही, हे भाषण लिहिताना मी ते रचलंय.

धड्याखालचे निम्मेअधिक प्रश्न पोरं अशीच सोडवतात. प्रश्नातला शब्द धड्यात हुडकायचा, त्याच्या आजूबाजूचं उतरवून काढायचं. वहीवर ‘छान’ असा शेरा पडतो आणि आईबाप निर्धास्त.

त्यात आपली लिपी फार उदार. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा बसली की दुसरीतलं पोरगं कोर्टाच्या निकालाचा कागदही घडाघडा वाचून दाखवील. म्हणूनच मराठीत न समजता वाचणारं मूल पटकन लक्षात येत नाही. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पाहुण्यांसमोर शाबासकी.

2021 साली लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, असं त्यात लक्ष्य आहे, आणि ते अर्थ समजून वाचावेत असंही म्हटलंय. आपल्याकडं 60 तेवढे लक्षात राहिले. मोबाइलवर वेळ लावून मुलांना पळवणारे पालक मी बघतो. वेग लागतोच. एकेका अक्षरावर अडलेलं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. पण वेग हे साधन आहे, एवढंच.

1986 साली गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी याचं एक सोपं गणित मांडलं. अक्षरं ओळखून शब्द वाचता येणं, गुणिले ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. इथं बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. अक्षरओळखीसाठी आपण जिवाचं रान करतो. दुसऱ्या आकड्याकडं कोण बघतं?

तो दुसरा आकडा माहितीवर वाढतो. 1988 साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं आणि वाचनात पक्की पण खेळ न जाणणारी मुलं, यांत कोण सरस ठरलं असेल? खेळ जाणणारी. कोल्हापूरकरांना याचं नवल वाटायला नको. पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचची बातमी पेठेतल्या ‘ढ’ म्हणवल्या जाणाऱ्या पोराच्या हातात द्या. टायब्रेकर कुठं फिरला, ते तो तुम्हाला समजावून सांगेल. मग त्याला वाचता येत नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आता आपल्या रोजच्या पेपरातलं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात अशी बातमी येतेच: ‘राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 38 फूट 4 इंच.’ चौथीतलं मूल हे न अडखळता वाचेल. मग विचारा, ‘नदीकाठच्या लोकांनी आता काय करावं?’ हे बातमीत कुठंच लिहिलेलं नाही. राधानगरीचं पाणी भोगावतीतनं येतं, भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी मिळून पंचगंगा होते, बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, एवढं ठाऊक असेल तर मूल वजाबाकी करतं. ‘आठच इंच राहिलंय, आणि वरनं पाणी सोडलंय!’ हे त्याच्या तोंडून आलं की समजा, बातमी वाचून झाली.

ही माहिती पुलावरनं जाताना गाडी बाजूला घेऊन दाखवायची असते. आजीला विचारायला लावायचं, 2019 ला आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं? त्या साली पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. आजी भिंतीवर हात टेकवून दाखवील, आणि पोराला 55 चा अर्थ कळेल. आजीला लिहिता-वाचता येत नसलं तरी काही अडत नाही. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उतू जाऊ नये म्हणून काय करायचे, हे तिनं सांगावं, पोरानं ऐकावं आणि मध्ये मध्ये ‘का?’ विचारावं. ‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकवणार?’ म्हणणाऱ्या आईबापांना माझं हेच सांगणं असतं.

पुस्तक वाचून दाखवताना मात्र प्रश्नांचा मारा करू नका. परीक्षा वाटली की मूल पळतं. एखादाच प्रश्न विचारा, पण नेमका. समजा गोष्टीत आहे, ‘आजीनं दारात येऊन आभाळाकडं बघितलं आणि छत्री परत खुंटीला अडकवली.’ छत्री कुठं अडकवली, हे विचारण्यात राम नाही. का अडकवली, ते विचारा. उत्तर आलं की आणखी एक, ‘कशावरनं?’ हा एवढासा प्रश्न मुलाला परत ओळीकडं नेतो. आभाळाकडं बघितलं, त्यावरनं.

आणि पोरगं म्हणालं, ‘म्हातारीनं वर बघितलं, पाऊस न्हाई, मग छत्री कशाला न्या?’ तर तिथं ‘न्हाई’चं ‘नाही’ करत बसू नका. आकलन शंभर नंबरी आहे. भाषा सुधारायला अख्खी शाळा पडलीय. मध्येच टोकलं की मूल पुढच्या वेळी ‘माहीत नाही’ म्हणून मोकळं होतं, आणि ते सोपं उत्तर एकदा सापडलं की सोडवत नाही.

चौथीपर्यंत आल्यावरही ऐकलेली गोष्ट मूल रंगवून सांगतंय, पण स्वतः वाचताना अक्षरंच जुळत नसतील, तर तो वेगळा प्रश्न आहे. त्याला आळशी म्हणू नका, आणखी धडे वाचायला लावू नका. आधी डोळे तपासून घ्या, वर्गशिक्षकांशी बोला, आणि तरीही अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. तोवर घरात त्याला गोष्टी वाचून दाखवणं मात्र थांबवू नका. नमस्कार.