सगळ्यांसाठी उघडं घर

मंडळी, आजचा विषय ‘गावानं पब विकत का घ्यावा’ असा जाहीर झालाय. त्यावर मी येणारच आहे, पण आधी शब्दाकडे बघू. पब म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अंधार, लाल-निळे दिवे आणि कान किटवणारं संगीत आठवत असेल. इंग्लंडमधल्या खेड्यातला पब तसा नसतो. ‘पब्लिक हाऊस’चं ते छोटं रूप आहे. म्हणजे घरच, पण सगळ्यांचं. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजानं एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, विकणाऱ्यांना दाराबाहेर पाटी टांगायची सक्ती केली. लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून पाट्यांवर चित्रं आली. पांढरं हरीण हे तर राजाचंच चिन्ह, आणि आजही कितीतरी पबांचं नाव ‘व्हाइट हार्ट’ आहे.

मी यॉर्कशरमधल्या एका खेड्यात दोन वर्षं नोकरीनिमित्त राहिलो. नोव्हेंबरात तिथे दुपारी चारलाच अंधारायला लागतं. पहिला महिनाभर मी कामावरच्या लोकांशिवाय कुणाशी बोललो नव्हतो. एका गुरुवारी पाऊस आला म्हणून पबात शिरलो. काउंटरपाशी गर्दी होती, पण रांग दिसेना. शेवट कुठे, हेच मी शोधत होतो. माझ्यानंतर आलेल्या एकानं ऑर्डर द्यायला तोंड उघडलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, “हे आधी आलेत.” मला तोवर कुणी पाहिलंय असं वाटलंच नव्हतं! नंतर कळलं, रांग असते, पण ती काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात असते.

मी पीत नाही. लिंबू-सोडा मागितला, तर कुणाची भुवई वर गेली नाही. शेजारच्या आजोबांनी पावसाचा विषय काढला, मग पाठदुखीचा. चौथ्या गुरुवारी मी त्यांच्या डॉमिनोजच्या, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या खेळाच्या, संघात होतो, कारण त्यांच्या जोडीदाराची पाठ खरंच धरली होती. (टाळ्या नकोत, आम्ही हरलो.) पुढे मला ताप आला आणि दोन गुरुवार चुकले. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंचे यजमान सूपचं भांडं घेऊन दारात उभे. मी दिसत नाही, हे अख्ख्या गावात त्या एका जागेच्या लक्षात आलं होतं.

आणि हा पब बंद पडला. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही. जागा एका मोठ्या कंपनीची होती. बिअर कंपनीकडूनच घ्यायची, तीही त्यांच्या भावानं, आणि वर भाडं वाढत गेलेलं. एवढ्या वर्षांनी बोलतानाही मला त्याचा राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा भराभर सांगतो. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम कायद्यानं गावाला आपला पब ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेता येतो. मग मालक विकायला निघाला, तर लोकांना पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. लंडनच्या ननहेडमधला आयव्ही हाऊस हा असा नोंदवलेला पहिला पब. २०१३ मध्ये रहिवाशांनीच तो चालवायला घेतला.

यॉर्कशरमधल्या हड्सवेलकरांनी तर कायद्याची वाटही पाहिली नाही. २००८ मध्ये बंद पडलेला ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ त्यांनी लोकांना भाग (शेअर) विकून विकत घेतला आणि २०१० मध्ये उघडला. त्यातच वाचनालय, छोटं दुकान आणि मागे भाजीचे वाफे आहेत. चांगल्या बिअरसाठी १९७१ पासून झगडणाऱ्या कॅम्रा या संघटनेनं २०१६ चा सर्वोत्तम पब म्हणून त्याला निवडलं. गावकऱ्यांच्या अशा सहकारी संस्थांमध्ये भाग कितीही घ्या, मत एकच असतं, म्हणून कुणा एकाला जागा परस्पर फुंकून टाकता येत नाही. मला पब गावाच्या मालकीचा हवा तो याच्यासाठी.

आमचा पब हा कायदा येण्याआधीच गेला. तिथे आता फ्लॅट आहेत. मालकीणबाईंनी निघताना दिलेली डॉमिनोजची पेटी मी आज सोबत आणलीय. ज्यांना खेळायचंय त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबा, मागे टेबल मांडतो.