दिवाळीनंतरचे हजेरीपत्रक

श्रोतेहो, नमस्कार.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका गावी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षे शिकवले. आमच्या गावात वर्षाचे दोनच भाग असतात. माणसे गावात असतात तो एक, आणि माणसे ऊस तोडायला साखर कारखान्याला गेलेली असतात तो दुसरा. दिवाळी सरत आली की ट्रक आणि ट्रॅक्टर वेशीवर येऊन उभे राहतात. त्यात भांडी, गोधड्या, ज्वारीची पोती आणि शेळ्या चढतात, आणि सगळ्यांच्या वर मुले बसतात. दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना एकामागून एक नाव पुकारावे आणि उत्तर येऊ नये, हा अनुभव मी दरवर्षी घेतला, आणि शेवटच्या वर्षापर्यंत मला त्याची सवय झाली नाही.

जे श्रोते उसाच्या पट्ट्यापासून दूर राहतात त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा माणूस, हंगामाआधीच या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल अंगावरून फिटेपर्यंत दोघांनी राबायचे असते. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, शिवाय कर्नाटकातला बेळगावचा भाग, असे हे लोक पांगतात. गावात म्हातारी माणसे उरतात. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी-आजोबा आहेत ती मुले मागे राहतात आणि बाकीची आईबापांबरोबर फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर जातात.

एका हिवाळ्यात माझ्या वर्गातली मुले कुठे आहेत ते पाहायला मी एका कारखान्याच्या तळावर गेलो होतो. बांबू आणि चटयांच्या कोप्या ओळीने उभ्या होत्या. आत मोठ्या माणसाला ताठ उभे राहता येत नव्हते. आईबाप पहाटे चारलाच फडात गेलेले. चौथीत माझ्याकडे पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी कोपीच्या तोंडाशी सात-आठ महिन्यांच्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. चुलीवर भात होता, आणि तिचे एक लक्ष भातावर, एक बाळावर. मला पाहताच ती उठली आणि सवयीने 'एक साथ नमस्ते' म्हणाली. तळापासून शाळा दोन किलोमीटरवर होती. तिथे चौकशी केली तेव्हा, ही मुले चार महिन्यांत निघून जातात, त्यांची नावे घालून आम्ही काय करायचे, असे मला ऐकवण्यात आले. प्रश्न विचारणाऱ्या त्या शिक्षकाच्या मनात वाईट नव्हते. पण १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षणहक्काचा कायदा स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकतो, आणि ही गोष्ट त्या दोन किलोमीटरच्या वाटेवर कुठेतरी गळून पडली होती.

मांडीवरच्या त्या बाळाविषयीही सांगायला हवे. गावातल्या अंगणवाडीत त्याचे वजन होत होते, लसीचे डोस वेळेवर होते. तळावर आल्यापासून ते कोणाच्याच यादीत नव्हते. आमच्या गावातली अंगणवाडी ताई त्याला आपले मानत होती, पण ती होती दोनशे किलोमीटर दूर, आणि कारखान्याजवळच्या गावाच्या नोंदीत हे मूल मुळी नव्हतेच. आपल्याकडच्या शिक्षणाच्या आणि आरोग्याच्या जवळजवळ सर्व सोयी गावाला बांधलेल्या आहेत, आणि इथे माणूसच अर्धे वर्ष गावात नसतो. एवढ्या एका गाठीवर माझा सगळा राग आहे, कारण डॉक्टर कमी आहेत, खोल्या कमी आहेत, पैसा कमी आहे, हे सर्व खरे असूनही या मुलांचे नुकसान त्याच्याही आधी सुरू होते.

शाळा सुटलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे मी जुन्या हजेरीपत्रकांवरून सांगू शकतो. पाचवी-सहावीपासून तिचे खाडे वाढतात, सातवीत नाव उरते ते कागदावर. तरण्या मुलीला कोपीत एकटे ठेवायचे कसे ही आईची भीती खरी असते, आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो हा हिशेबही खरा असतो. कायद्याने वय १८ असले तरी पंधरा-सोळाव्या वर्षी तिचे लग्न उरकते. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढते, पोटात मूल असतानाही चढते, कारण एक दिवस खाडा झाला तर मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. तळावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत पुरेसे पाणी नाही. अंगावरचे दुखणे ती हंगामभर अंगावरच काढते, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी येऊन खाजगी दवाखान्यात जाते, तेव्हा 'पिशवी काढून टाका' हा सल्ला तिला सुटकेसारखा वाटतो.

बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा बोभाटा २०१९ साली झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली होती आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यांतल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. खाजगी रुग्णालयांतील या शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा लगाम आला, तो आवश्यकच होता. परंतु आजाराची सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही. ती कोपीशेजारच्या पाण्याच्या पिंपापाशी होते, आणि तिथे कोणाचीच परवानगी लागत नाही.

काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या तळांवर पूर्वी या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे त्या मंदावल्या. गावात हंगामी वसतिगृहे चालतात, त्यांत दोन वेळचे जेवण मिळाल्यामुळे माझ्या कितीतरी मुलांची वर्षे वाचली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले, त्याच्या निधीसाठी गाळपाच्या उसावर कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये घेण्याचे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाच्या योजनेत ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहे मंजूर झाली. मुलींच्या वसतिगृहाला मी सर्वांत जास्त मोल देतो. बारावीपर्यंत मुलगी तिथे टिकली, तर वर सांगितलेली साखळी पहिल्याच कडीला तुटते.

मात्र लहान बाळे आणि गरोदर बायका वसतिगृहात राहू शकत नाहीत; त्यांच्यासाठी सोय फडावरच जायला हवी. कारखान्याला कोणती टोळी कोणत्या गावाहून आली हे नेमके ठाऊक असते, कारण उचलीचा हिशेब त्याच्याकडे चोख असतो. तीच यादी बॉयलर पेटण्याच्या, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या दिवशी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि शाळांच्या केंद्रप्रमुखांना मिळाली, तर नव्या कायद्याची गरजसुद्धा पडणार नाही.

आमच्या गावच्या आशाताईंनी मागच्या दिवाळीत एक साधी वही केली. गाड्या भरत होत्या तेव्हा त्या बॅटरीच्या उजेडात वेशीवर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक गरोदर बाईचे नाव, महिना, रक्तातले हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या किती दिल्या, मुकादमाचा फोन आणि शेवटच्या रकान्यात कारखान्याचे नाव लिहून घेतले. नंतर त्यांनी एकेका कारखान्याच्या भागातल्या आशाताईंचा नंबर शोधून फोन लावले. अकरा नावे होती. सात ठिकाणी पलीकडून फोन उचलला गेला.